ओट्यावरचा काळा चौकोन

परवा रंगारी आला. आखाजीच्या आधी घराला रंग द्यायचा म्हणून रवीनं, माझ्या मुलानं, बोलावलेला. सगळ्या भिंती घासून झाल्या आणि तो ओट्यावर येऊन थांबला. म्हणाला, नाना, हा काळा चौकोन खरवडून टाकू ना? मी म्हणालो, हात लावलास तर घमेल्यासकट रस्त्यावर फेकीन. तो बिचारा शिरपूरचा, त्याला काय माहीत. मग चहा पाजला त्याला. पण चौकोनाचं सांगायचं तर नांद्रे मास्तरांचं सांगावं लागतं, आणि त्या माणसाचं नाव काढलं की माझं डोकं आजही तापतं.

मी जुनी चौथी पास आहे. पन्नास वर्षं चोपड्याच्या मातीत केळी पिकवली. मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो, भाव वाचतो, निधनवार्ता वाचतो. त्यामुळे मला कुणी शिकवायला आलेलं चालत नाही. हे मास्तरांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. ते म्हणाले, "तुम्हाला कोण शिकवतंय?" आणि पुढची दोन वर्षं तेच केलं.

ते पिंपळनेरचे. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. आमच्या गावच्या शाळेत इंग्रजीला माणूस मिळेना, म्हणून त्यांना तासांवर आणलं. राहायला जागा पाहिजे होती. रवीनं मला न विचारता आमची पुढची खोली देऊन टाकली.

ती खोली मंगलची. मंगल माझी लेक, धुळ्याला दिलेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. कडुलिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, चार दिवस घर भरून जातं. पण लेक आपल्या पायानं येत नाही. तिला आणायला घरचं माणूस जातं, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी गेला नाही तर लेक येत नाही, आणि तशीच आली तर त्याला माहेरपण म्हणत नाहीत. मास्तर आले तेव्हा मंगलकडे मुराळी जाऊन चार वर्षं झाली होती. रवीला मीच जाऊ देत नव्हतो.

कारण सांगतो. तिच्या दिराचं लग्न होतं धुळ्याला. मी आणि आमची, म्हणजे मंगलची आई, दोघं गेलो. चार व्याही-पाहुणे बसले होते, पत्रिका हातोहात फिरत माझ्याकडे आली. कुणीतरी विचारलं, नाना, मुहूर्त कितीचा? पत्रिका सगळी इंग्रजीत. मी पाहत होतो, आकडे तरी सापडतील म्हणून. तेवढ्यात मंगलनं येऊन माझ्या हातातून ती काढून घेतली. म्हणाली, द्या इकडे नाना, इंग्रजी आहे, तुम्हाला कुठून कळणार. लोक हसले. तीही हसली. पानं वाढलेली होती. मी खापरावरचा पुरणाचा अर्धा मांडा खाल्ला आणि पानावरून उठलो. सरळ स्टँडवर जाऊन गाडी धरली. आमचीला तिथंच विसरून आलो, ती दुसऱ्या दिवशी परत आली आणि महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

तर त्या रिकाम्या खोलीत हा माणूस आला. एक पत्र्याची पेटी, एक काळी छत्री आणि एक पायमोजा. पायमोजा एकच. त्यात सरकी काढलेला कापूस ठासून तोंड शिवून टाकलेलं. म्हटलं, हे काय मास्तर? म्हणाले, डस्टर. चाळीस वर्षांत तीन पायमोजे लागले, चौथा शोधतोय. माणूस उंच, वाळका, मान थोडी पुढं. छत्री उन्हाळा-पावसाळा-हिवाळा. भाकरीबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा असा खायचे की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, त्यांच्या नाही. गावभर सगळे त्यांना सर म्हणायचे. मी मास्तरच म्हणालो, शेवटपर्यंत.

आल्याच्या आठवड्यात त्यांनी ओट्याची भिंत मागितली. एक चौकोन काळा रंगवायचा, संध्याकाळी पोरांना तिथं शिकवायचं. मी म्हटलं, शाळेत फळा नाही का? म्हणाले, शाळेतला फळा घंटा झाली की कुणीही पुसतं. इथं माझा नियम राहील. खरं वाक्य पुसायचं नाही. ते खोटं झालं की मग पुसायचं.

मला त्यातलं काही कळलं नाही, आणि कळलं नाही असं मी म्हणणार नव्हतो. म्हणालो, "भिंत तुमची. तुम्ही लिहा, तुम्ही पुसा. मी हात लावणार नाही."

हा शब्द मी दिला. आमच्या घराण्यात दिलेला शब्द परत घेत नाहीत. माझी चूक झाली ती इथं.

संध्याकाळी सहाला दहा-बारा पोरंपोरी ओट्यावर बसायची. आमची सून वर्षा पण बसायची, तिला भरतीची परीक्षा द्यायची होती आणि इंग्रजीत अडकत होती. मी समोर अंगणात खाटेवर. ऐकत नव्हतो, पण कान काय बंद करता येतात? मास्तरांचं सगळं शिकवणं एकाच जागी फिरायचं. प्रेझेंट परफेक्ट. बारा काळ असतात म्हणे इंग्रजीत. बाकीचे अकरा त्यांनी चार दिवसांत उरकले आणि हा एक धरून बसले. म्हणायचे, बाकी काळ पुस्तकात आहेत, हा घरात आहे. कुणी काही सांगायला आलं की त्यांचा एकच प्रश्न, "झालं, की झालं आहे?" पोरांना विचारायचे, किराणावाल्याला विचारायचे, मला पण. मी म्हणायचो, झालं म्हणजे झालं, त्यात काय फोड करायची.

एकदा ही फोड दाखवायला त्यांनी अख्खा वर्ग माझ्या केळीच्या बागेत नेला. मला न विचारता. मी तिकडे पोहोचलो तर बारा पोरं बिनचपलांची, ओल्या सरीत उभी. मास्तर बांधावर छत्री उघडून. म्हणत होते, "मागच्या आठवड्यात पाणी दिलं होतं, ही झाली गोष्ट. आज पाणी दिलं आहे, म्हणजे पाय टाका, चिखल लागेल. काम होऊन गेलं, पण ओल अजून आहे. कळलं का?" पोरांना कळलं. माझी ठिबकची नळी दोन जागी निसटली, ती कुणाला कळली नाही. त्याच पायांनी पोरं ओट्यावर आली आणि आमचीनं दोन बादल्या पाणी ओतून ओटा धुतला. मास्तर म्हणाले, बघा, अजून ओल आहे. आमचीनं बादली त्यांच्या पायाजवळ अशी आदळली की ते छत्री घेऊन खोलीत गेले.

बरं, नुसतं वाक्य पाठ केलं तर चालायचं नाही. वाक्य खरं पाहिजे. पोरगी म्हणाली की मी म्हशीला पाणी पाजलं आहे, तर हा माणूस उठून गोठ्यात जायचा आणि हौदात हात घालून बघायचा. कुणी म्हणालं मी दात घासले आहेत, तर तोंड उघड. वर्षा एकदा म्हणाली, मी कणीक मळली आहे. झालं, मास्तर स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले आणि बाहेरूनच म्हणाले, परात दाखव. परात कोरडी. वर्षा लाजली, आमची चिडली, आणि त्या दिवशी भाकऱ्या उशिरा झाल्या त्या माझ्या.

पण माझ्या बाबतीत त्यांनी जी हद्द केली ती फोनची. आता मोबाइलवर सगळं जग बोलतं तसं मीही बोलतो. केळीच्या व्यापाऱ्याचा फोन आला, नाना कुठं आहात, की आपण म्हणतो, निघालो आहे, पोहोचलोच. तेव्हा आपण खाटेवर असतो. त्यालाही ठाऊक असतं. तोही चोपड्यात बसून म्हणतो की मी फाट्यावर आलो आहे. ह्याला कुणी खोटं म्हणत नाही. ही रीत आहे. एका सकाळी मी असाच बोलत होतो, अंगावर बंडी, हातात चहाची बशी. ओट्यावरून मास्तर मोठ्यानं म्हणाले, "अजून निघालेले नाहीत!" व्यापाऱ्यानं ऐकलं. तो हसायला लागला. मी फोन ठेवला आणि म्हणालो, मास्तर, तुमच्या बापाचं काय गेलं? ते म्हणाले, माझं काही नाही नाना, तो माणूस तुमची वाट बघत राहतो, त्याचं जातं. मी त्या दिवशी त्यांच्याशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यांना ते कळलंच नाही, त्याची जास्त चीड आली.

आता त्या चौकोनाचं. पोरांनी झालेल्या गोष्टीचं वाक्य केलं की मग अजून न झालेल्या गोष्टीचं करायचं, ज्याच्या शेवटी इंग्रजीतलं 'अजून' येतं. येट. प्रत्येकानं आपल्या घरातलं, गावातलं एक सांगायचं. त्यातलं मास्तरांना सगळ्यात खरं वाटेल ते एक चौकोनात जायचं आणि खोटं होईपर्यंत तिथंच राहायचं. पहिलं वाक्य रवीचं गेलं. रवी हॅज नॉट रिपेअर्ड द पंप येट. डेअरीवर दूध घालायला जाणारा सगळा गाव आमच्या ओट्यावरून जातो. इंग्रजी न येणाऱ्यालाही पोरं अर्थ सांगायची. अकरा दिवस लोक रवीला विचारत होते, पंपाचं काय रे भाऊ. बाराव्या दिवशी त्यानं पंप उघडला. दुसरं वाक्य गटारीचं. सरपंच तावातावानं आला, माझ्यावरच भडकला. मी म्हणालो, भिंत माझी नाही बाबा, मी शब्द दिलेला आहे. चार दिवसांनी गटार उपसून निघाली. मास्तरांनी पोरांना गटारीवर नेऊन बघायला लावलं आणि मग येऊन पायमोज्यानं वाक्य पुसलं. मला मजा वाटली, खोटं कशाला सांगू. खाटेवर पडल्या पडल्या दुसऱ्याची फजिती बघायला कुणाला नको असतं?

दुसऱ्या वर्षी श्रावणात एके दिवशी वर्षाची पाळी आली. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मास्तर थांबले. त्यांना थांबता यायचं, हा त्यांचा एक दुर्गुण होता. मग तिनं हळू आवाजात काहीतरी म्हटलं. मला सगळं कळलं नाही, पण त्यात मंगल होतं. इंग्रजीत म्हटलं तरी लेकीचं नाव लेकीचंच असतं.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. विचारलं, "खरं आहे?" ती म्हणाली, "हो सर." त्यांनी खडू घेतला आणि लिहिलं.

मंगल हॅज नॉट कम होम येट.

मी खाटेवरून उठून घरात गेलो. रात्रीच्या जेवणाला वर्षानं खाली मान घालून वाढलं. मी तिला काही म्हणालो नाही, ती दुसऱ्याची लेक आहे. म्हणायचं तर मास्तरांना म्हणायचं, आणि त्यांना काय म्हणणार? वाक्य खरं होतं.

ते वाक्य तिथं राहिलं. पोळा झाला, दिवाळी झाली, भरिताच्या पार्ट्या झाल्या, होळी झाली. आठ महिने. पोरं नवीन वाक्यं चौकोनाच्या कडेला लिहायची, पुसायची. मधलं तसंच. खडू पुसट झाला की मास्तर त्यावर पुन्हा गिरवायचे. मी रोज खाटेवर, आणि ते माझ्या तोंडासमोर. नजर दुसरीकडे वळवायचो तर तिकडे हौद, हौदापाशी आमची. ती स्वयंपाकघरात मंगलशी चोरून फोनवर बोलायची, ते मला माहीत होतं. ती एक दिवस म्हणाली, "आंडेर घर येत नही, आन तुम्ही भित वाची ऱ्हायनात." लेकीला ती आंडेर म्हणते. मी म्हणालो, वाचत नाही, नुसता बघतो.

पण बघून बघून ते ओळखीचं झालं. पहिलं अक्षर म्हणजे सातपुड्याचे दोन डोंगर शेजारी शेजारी. त्याच्यापुढे मंगल. शेवटच्या शब्दाचं पहिलं अक्षर तर आमच्याच कामातलं, घड जड झाला की केळीला आधाराला बेचक्याचं लाकूड लावतो, तसंच्या तसं. पोरं म्हणायची तेव्हा कुठल्या आवाजाला कुठलं अक्षर, ते आपोआप बसत गेलं. मी शिकलो असं कुणी म्हणू नये. आठ महिने एखादी गोष्ट माणसाच्या तोंडासमोर टांगली तर बैलसुद्धा वाचील.

एप्रिलच्या सुरुवातीला जळगावहून एक नवा व्यापारी बाग बघायला आला. बरोबर कटाईचे मजूर. चहा घ्यायला ओट्यावर बसले. तरुण माणूस, शिकलेला. त्यानं भिंतीवरचं मोठ्यानं वाचलं आणि मला विचारलं, "ही मंगल कोण नाना? अजून का नाही आली?"

मजूर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, आहे एक. चहा प्या.

तो गेल्यावर मी पोतं भिजवलं आणि ओट्यावर चढलो. मास्तर खोलीच्या दारात मिरच्यांची देठं काढत बसले होते. उठले नाहीत. म्हणाले, "नाना, तुम्ही शब्द दिला होता."

मी म्हटलं, मास्तर, हे माझं घर आहे, माझी लेक आहे आणि माझी भिंत आहे. तुम्ही पाहुणे आहात. माझ्या घरातली गोष्ट तुम्ही गावापुढं टांगलीत. पत्रिका तिनं हातातून घेतली तेव्हा चार माणसं हसली होती, तुम्ही सगळा तालुका हसवला.

खूप बोललो. आठ महिन्यांचं साठलेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मिरच्या बाजूला ठेवल्या आणि म्हणाले, "पुसा. पण पुसल्यानं ती येणार नाही. वाक्य खोटं करा, मग मीच तुमच्या हातात पायमोजा देतो."

"खोटं करून दाखवू?"

"दाखवा."

"मास्तर, तुमचं हे वाक्य मी खोटं करून दाखवतो. आखाजीच्या आधी."

ते म्हणाले, "हे पण अजून झालेलं नाही."

पोतं त्यांच्या अंगावर टाकावंसं वाटलं. ते मी हौदात टाकलं.

आखाजीच्या दोन दिवस आधी मी धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली. रवी म्हणाला, मी जातो नाना, भावानं जायची रीत आहे. मी म्हणालो, पैज मी लावली आहे. आमचीनं पिशवीत शेवयांचा डबा घातला. मास्तर ओट्यावर होते. त्यांना माहीत होतं मी कुठं निघालो ते, तरी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

धुळ्याला दार मंगलनंच उघडलं. सहा वर्षांत कानांजवळचे केस पिकले होते तिचे. मी म्हणालो, "मुराळी आलो आहे. एका मास्तराचं वाक्य खोटं करायचं आहे. चल."

तिला सगळं माहीत होतं. आमचीनं फोटो काढून पाठवला होता फळ्याचा. ती म्हणाली, "नाना, आठ महिने मी त्या फोटोतलं वाक्य रोज वाचते. म्हटलं आज पुसतील, उद्या पुसतील."

मी म्हणालो, शब्द दिला होता.

तिनं मला आत नेलं आणि पाटावर बसवलं. म्हणाली, आज लगेच निघायचं नाही. त्या दिवशी तुम्ही अर्धा मांडा टाकून उठलात, तो आधी पुरा करा. आणि खापर चुलीवर ठेवलं. गॅस आहे तिच्याकडे, पण मांड्यासाठी मागं परसात चूल पेटवली. हातावर मांडा मोठा करत होती, धुरानं डोळे पुसत होती, किंवा धुराचं नाव करत होती. पत्रिकेचं ती बोलायला लागली, मी म्हणालो, मांडा करपेल. मी तीन खाल्ले. जावयानं तूप वाढलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो.

घरी आलो तेव्हा दुपार होती. पुढची खोली झाडून ठेवलेली, पेटी नाही, छत्री नाही. चौकोनाशेजारी खिळ्याला पायमोजा टांगलेला. वर्षा, आमची, रवी, चार पोरी ओट्यावर उभ्या. मंगलनं उंबरा ओलांडला, आमचीनं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग ती परत ओट्यावर आली आणि भिंतीसमोर उभी राहिली.

मी तिच्या शेजारी गेलो. पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं, डोंगरावर, आणि वाचलं. मंगल. हॅज. नॉट. कम. होम. येट. एकेक शब्दाखाली बोट फिरवत, शेवटच्या बेचक्यापर्यंत. मग खिळ्यावरचा पायमोजा काढून तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "पुस आता. खोटं झालं."

तिनं पुसलं. कापूस अजून मऊ होता. पुसून झाल्यावर तिनं पायमोजा पुन्हा खिळ्याला लावला.

त्याला वर्ष झालं. आजउद्यात आखाजी आहे, रवी धुळ्याला गेला आहे. वर्षाची परीक्षा झाली, निकाल लागायचा आहे. मास्तर काही परत आले नाहीत, त्यांचे गुडघे गेले. वर्षाला फोन करतात आणि एक खरं वाक्य मागतात. माझ्याशी बोलायचं का विचारलं की मी म्हणतो, बागेत गेलो आहे म्हणून सांग. ती तसंच सांगते, आणि पलीकडून त्यांचं हसणं मला खाटेवर ऐकू येतं.

ते निघून कसे गेले, ते सांगायचं राहिलं. आणखी दोन तास थांबले असते तर सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर झालं असतं. पण त्यांची एक बहीण आहे, साक्रीकडच्या गावात, सत्तरीची. दर आखाजीला ती पिंपळनेरला भावाकडे येते. ह्यांनी जाऊन कुलूप उघडायचं आणि तिला आणायला जायचं. चाळीस वर्षांत एकदाही चुकवलेलं नाही. हे त्यांनी दोन वर्षांत मला कधी सांगितलं नाही, नंतर वर्षाकडून कळलं. सांगितलं असतं तर मी त्यांना चार शब्द कमी बोललो असतो. कदाचित.

मंगल आणि मी चोपड्याच्या स्टँडवर उतरलो, तेव्हा समोर धुळ्याची गाडी लागलेली होती. खिडकीशी मास्तर. मांडीवर पेटी, पेटीवर छत्री. मी मंगलला ओढतच त्या खिडकीखाली नेलं. म्हणालो, "ही बघा मास्तर. ही मंगल. झालं की नाही तुमचं वाक्य खोटं?"

त्यांनी मान बाहेर काढली. तिच्याकडे नीट पाहिलं, हौदात हात घालून बघायचे तसं. तिनं वाकून नमस्कार केला. चेहरा उजळला त्यांचा, हे मी पाहिलं, नाही म्हणणार नाही. पण बोलायला लागले ते काय.

"पोरी, घरी पोहोचलीस का?"

ती गोंधळली. "नाही सर. अजून स्टँडवरच आहे ना."

"मग नाना, अजून खरं आहे ते. उंबऱ्याच्या आत पाऊल पडल्यावरच पुसायचं. पायमोजा खिळ्याला आहे."

मी तोंड उघडलं होतं. धुळ्याला जाऊन आलो, सहा वर्षांचं गिळलं, आणि हा माणूस अजून स्टँड आणि उंबरा करतोय. पण कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी हलली. खिडकीतून त्यांचा वाळका हात बाहेर आला, एक बोट वर, आणि ते बोट डावी-उजवीकडे हलत राहिलं. नाही, अजून नाही, अजून नाही. गाडी फाटकातून बाहेर वळेपर्यंत.

तेवढ्यात आमचीचा फोन आला. कथा शेतस, कुठं आहात म्हणून विचारत होती. माझ्या तोंडावर आलंच होतं, पोहोचलोच. ते बोट अजून दिसत होतं.

मी म्हणालो, "अजून स्टँडवरच आहोत. तासभर लागेल. वाट बघ."